चौदा इंची

अख्ख्या भागात तिला कानवाली म्हणत. खरं नाव वीजबिलावर होतं, पण ते वाचतो कोण. म्हाताऱ्या माणसांच्या कानातलं मशीन वायरने लॅपटॉपला जोडायचं, आवाज वरखाली करायचा, सून काय बोलते ते ऐकू येईल पण भांडी आपटली तर कानात सुरी घुसणार नाही, अशा बेताने ते बसवून द्यायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं एका दवाखान्यात तिने हेच केलं. मग एके दिवशी मालकाने बोलावलं आणि दात दाखवत सांगितलं, आता जरा तरुण चेहरा हवाय, पेशंटना बरं वाटतं.

पेशंट! ज्यांना समोर बाई बसलीय की कपाट हे धड दिसत नाही, त्यांना म्हणे तरुण चेहरा हवा. लाज नावाची गोष्ट या लोकांनी कधीच विकून खाल्लेली असते.

तिने दवाखान्याचा लॅपटॉप टेबलावर आपटला नाही, नीट ठेवला. वायर आणि जोडणीची डबी तिच्या स्वतःच्या पैशाची होती, ती उचलली आणि घरी आली. आठवडाभरात सहा जुन्या पेशंटांचे फोन आले. "त्या नव्या पोरीला माझा कान कळत नाही. तूच घरी ये." पहिला होता एक रिटायर्ड बस कंडक्टर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोमवारी दहा वाजता. आज शनिवार होता आणि हाताशी लॅपटॉप नव्हता. सोमवारी ती गेली नाही, तर सहाच्या सहा मुकाट्याने दवाखान्यात परत जाणार होते. ऐकू न येणारा माणूस फार दिवस वाट बघत नाही.

नवरा टेलर. घराचीच पुढची खोली म्हणजे दुकान. गेल्या रविवारी कापता कापता, मान वर न करता त्याने विचारलं होतं, "किती इंची घेणार आहेस?"

"चौदा इंची. लहान, हलका. मला फिरायचंय."

"हं," म्हणून त्याने दाताने दोरा तोडला होता. बस, एवढंच बोलणं. तीस वर्षांच्या संसारात तो 'हं' तिने हजार अर्थांनी ऐकला होता. या वेळचा अर्थ तिला लागला नाही.

आज लॅपटॉपच्या दुकानात दोघं बरोबर गेले. तिच्या हातात कागद होता. वजन दीड किलोच्या आत. वायरसाठी रुंद तोंडाची दोन भोकं, एक वायरचं, एक माउसचं. चार्जिंग दिवसभर पुरलं पाहिजे, पेशंटच्या घरी पलंगामागचा प्लग शोधत गुडघ्यावर रांगायचं वय राहिलं नव्हतं. आणि ठरवलेल्या रकमेच्या वर एक दमडी नाही.

विक्रेता तिशीचा, केस चोपडून बसवलेले. कानवालीने विचारलं, "याचं चार्जिंग किती तास चालतं?"

"काका," तो टेलरला म्हणाला, "आरामात आठ तास."

"प्रश्न मी विचारला."

"हो हो, काकू. तुम्हाला काय, घरी पिक्चर वगैरे बघायचे असतील ना? हा बघा, सोनेरी. नाजूक आहे."

"मी पण नाजूक आहे. आता भोकं दाखव."

सोनेरी लॅपटॉपला रुंद तोंडाचं भोकच नव्हतं. विक्रेता म्हणाला, वेगळा जोड मिळतो, तो लावायचा. तिने पिशवीतून वायर काढून त्याच्या नाकासमोर धरली. "जोडाला जोड लावला की मध्येच तुटतं. आणि तुटतं तेव्हा एका म्हाताऱ्याच्या कानात शिट्टी वाजते. तुझ्या कानात वाजवून दाखवू?"

सोनेरी गेला. मग तिने कंपन्यांमधून परत आलेले, साफ करून पुन्हा विकायला ठेवलेले लॅपटॉप बघायला मागितले. तिथे एक करडा सापडला. झाकणाच्या कोपऱ्यावर ओरखडा, पण वायर खटकन बसली, हलवली तरी सुटली नाही. एक वर्षाची हमी, बॅटरी नवी, रक्कम बसत होती. तिने तो बगलेत मारला आणि दुकानातल्या पोटमाळ्याच्या जिन्याकडे चालू पडली.

"काकू! अहो काकू, कुठे निघालात?"

"तिसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली आणि तो सोळा पायऱ्यांचा जिना तीनदा चढली, तीनदा उतरली. दोन गिऱ्हाइकं मोबाइल बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिली. खाली आली तेव्हा धाप होती, पण डावा खांदा बोलला नव्हता. दवाखान्याच्या लॅपटॉपचं ते धूड या खोलीतून त्या खोलीत वाहून वाहून हा खांदा कायमचा धरला होता. "हाच," ती म्हणाली.

तेवढ्यात टेलरने गळ्यातला टेप काढला. टेप गळ्यातून काढायची आठवण त्याला लग्नाच्या दिवशीही राहिली नव्हती. त्याने करडा लॅपटॉप या कडेपासून त्या कडेपर्यंत मापला.

"साडेबारा आहे," तो कडक आवाजात म्हणाला. "चौदा म्हणून साडेबारा विकताय?"

विक्रेता फिस्कन हसला. "काका, स्क्रीन तिरकी मापतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

टेलरचा चेहरा उतरला. जन्मभर उरेब कापड कापणारा माणूस, तिरक्या मापाने कपडा कसा बदलतो ते अख्ख्या बाजाराला शिकवणारा, आणि त्यालाच हे सुचलं नव्हतं. त्याने टेप पुन्हा ताणला. शेजारी सगळ्यात मोठा लॅपटॉप उघडा होता, तो मापला. बरोबर चौदा भरला.

"हा घे."

"अहो, हा दोन किलोच्या वर आहे."

"स्वस्त पण आहे. हा बरोबर बसतो."

"कशात बसतो?"

त्याने टेप परत गळ्यात टाकला. "टेबलावर."

टेबलावर. म्हणजे घरात. कानवालीच्या डोक्यात सणक गेली. दवाखान्याच्या मालकाने निदान तोंडावर सांगितलं होतं. आणि हा? हा आठ दिवस 'हं' करून आता गिऱ्हाइकांसमोर तिला टेबलाला बांधतोय. बाई पन्नाशी ओलांडून दारोदार फिरणार, लोक काय म्हणतील, हेच असणार पोटात. पुरुषाच्या पोटात दुसरं असतं काय!

"माझ्या पायांनी मी चढणार आहे, तुमच्या नाही," असं म्हणून तिने करड्याचे पैसे भरले. वाटेत त्याने खोकं घ्यायला हात पुढे केला, तिने दिलं नाही.

घरी तिने मुद्दाम भांडी वाजवत चहा टाकला. एकच कप. मग राहवेना म्हणून दुसऱ्या कपाचं पाणी वाढवलं आणि कप घेऊन पुढच्या खोलीत गेली. टेलर मशीनवर नव्हता. खिडकीपाशी स्टुलावर बसून मांडीवर काहीतरी निळं घेऊन टीप उसवत होता.

"कोणाचं आहे?"

"गिऱ्हाइकाचं. माप चुकलं."

तुमचं माप चुकलं, असं टोचायला तिने तोंड उघडलं आणि मांडीवरचं निळं नीट पाहिलं. पिशवी होती. जाड कापडाची, आत स्पंज आणि पिवळं अस्तर. पिवळं, म्हणजे अंधाऱ्या घरातही आत पडलेली बारीक वस्तू दिसावी. एका बाजूला लांब अरुंद खिसा. तिने नकळत खांद्याच्या पिशवीतून आपली वायर काढून त्यात सोडली. टोकापर्यंत बसली. शेजारी चपटा खिसा, त्यात जोडणीची डबी. त्याच्यावर छोटे, झाकणाचे चार खिसे, प्रत्येक जेमतेम बोटभर. कानातल्या मशीनच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या ठेवायला दुसरं काय लागतं? कान साफ करायच्या ब्रशालासुद्धा जागा होती. ती आंघोळीला गेली की हा माणूस टेप घेऊन तिचं सामान मापत बसत होता तर.

पट्टा उजव्या खांद्यावर यावा असा लावलेला होता. दुखऱ्या डाव्यावर नाही.

सगळं बसत होतं. फक्त लॅपटॉपचा कप्पा चौदा इंच रुंद होता.

"आधी बोलायचं नाही का, अहो?"

"काय बोलायचं? चौदा म्हणालीस, चौदा कापलं. शिवणीला अर्धा इंच माया सोडली. तीस वर्षं धंदा करतोय आणि त्या चोपडलेल्याने शिकवलं." त्याने सुईने टीप उचलली. "सोमवारपर्यंत व्हायला हवी होती. म्हटलं मोठाच घेतला तर..."

"माझा खांदा तोडणार होतात, पिशवी वाचवायला?"

"त्या वेळी सुचलं नाही," तो म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "मी तुला घरात बसवायला निघालोय असं समजलीस ना?"

तिने पिशवी त्याच्या मांडीवरून उचलली. एक बाजू अर्धी उसवलेली होती, दोन टाचण्या मारून घेतली. करडा लॅपटॉप आत सरकवला, पट्टा उजव्या खांद्यावर टाकला.

"कुठे निघालीस? टाचण्या आहेत."

"ट्रायल. गिऱ्हाइकाला घालून बघितल्याशिवाय फिटिंग करता का तुम्ही?"

ती दार उघडून इमारतीच्या जिन्याला लागली. तो खाली उभा राहिला, टेप गळ्यात, डोकं एका बाजूला कलतं करून. लॅपटॉप रिकाम्या जागेत हलत होता आणि प्रत्येक पायरीला ठक्, ठक् वाजत होता. तिसऱ्या मजल्यावर पोचून ती कठड्यावरून वाकली आणि गेली एकोणीस वर्षं रोज विचारायची तेच तिने विचारलं,

"आवाज येतोय का?"

"येतोय," खालून टेलर म्हणाला. "उजवीकडून दीड इंच घेतो. सावकाश उतर."