बेटर, पण कशापेक्षा?

मी ‘बेटर’ बोलतोय. हो, इंग्रजांच्या तोंडातला तोच. तुमच्या शब्दकोशात माझ्यापुढे ‘अधिक चांगला’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून मलाच मळमळतं.

कारण चांगल्याशी, म्हणजे ‘गुड’शी, माझं रक्ताचं नातं नाही. गुडच्या घरात तुलनेचं स्वतःचं रूप नव्हतं, म्हणून मी तिथे दत्तक गेलो. माझ्या मूळ घराण्यात डागडुजी, उतारा, इलाज असे अर्थ नांदत, असं जाणकार सांगतात. मला आठवत नाही. इतक्या लहानपणचं कोणाला आठवतं? धाकटा भाऊ ‘बेस्ट’ही माझ्याबरोबर आला. तो मिरवतो, राबतो मी.

आणि राबणं तरी कसलं! दातांच्या पेस्टवर मी, कुत्र्याच्या खाण्याच्या डब्यावर मी. पूर्वी गरीब माणसं टोपी काढून श्रीमंतांना ‘आपले बेटर’ म्हणायची. आजही बाप पोरावर बोट उगारतो तेव्हा ‘यू हॅड बेटर...’, म्हणजे ‘ऐकलंस तर बरं’, या धमकीत मी असतो. इतक्या तोंडांची थुंकी अंगावर वागवणाऱ्याला स्वतःचा वास येणारच.

पण सगळ्यात किळसवाणं काम म्हणजे आजाऱ्याची चौकशी. तिथे माझे दोन अर्थ होतात: ‘कालच्यापेक्षा थोडा उतार’ आणि ‘ठणठणीत बरा’. तुमच्याकडे तुलनेचं काम ‘पेक्षा’ करतो. त्याच्याआधी कशाचं तरी नाव घ्यावंच लागतं. माझे लोक मात्र मला एकट्यालाच पुढे ढकलतात आणि ऐकणारा सोयीचा अर्थ उचलतो.

यॉर्कशरमधल्या एका जुन्या गिरणगावात ब्रायोनी राहते. तिची पहिली मुलगी नेल, आठ महिन्यांची. दोन दिवस उलट्या आणि जुलाब. गालिच्याला, उशीला, ब्रायोनीच्या केसांना आंबट वास. त्या दिवशी दुपारी चारला डॉक्टरांची वेळ मिळाली होती.

सासूबाई ऑड्री सोफ्यावर चहा पीत होत्या. “लेकरं ओकतातच गं. आमचा क्रेग तर पडद्यांवर ओकायचा. तू आधी ते फोनवर वाचणं बंद कर.”

ब्रायोनीने फोन खाली ठेवला आणि तेवढ्यात तो वाजला. दवाखान्यातल्या बाई होत्या.

“काय गं राणी, बेटर आहे का आता पिल्लू?”

नेलने सकाळी तीन चमचे दूध पोटात ठेवलं होतं. त्यात विचारणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं इथे उद्धटपणाचं. “हो... बेटर आहे.”

“अरे वा! मग चारची वेळ नको ना? दुसरं एक लेकरू थांबलंय.”

“नको, नको, त्यांना द्या. सॉरी हं.”

सॉरी कशाबद्दल, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या तोंडातून मी ‘थोडा उतार’ म्हणून निघालो आणि तारेच्या त्या टोकाला ‘ठणठणीत’ होऊन पोचलो. माझी मलाच शिसारी आली. पण शब्दाला ओकताही येत नाही.

तीन वाजता ब्रायोनीने डायपर उघडला. सकाळी सातला घातलेला, अजून कोरडा. नेल रडत होती, पण आवाज मांजरीच्या पिल्लासारखा बारीक. ऑड्रींनी नातीच्या टाळूवरून हात फिरवला, तो तिथेच थांबला. चहाचा कप खाली गेला.

“फोन कर,” त्या म्हणाल्या. “मी मघाशी काय बोलले ते विसर.”

दवाखान्यातल्या बाई गोंधळल्या. “पण तू तर बेटर म्हणालीस ना, राणी?”

ब्रायोनीने तोंड उघडलं. मी जिभेच्या टोकावर होतो. ‘तितकीशी बेटर नाही’ असलं काहीतरी गुळमुळीत येणार होतं. तिने मला गिळलं.

“सातपासून लघवी नाही. रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. टाळू आत गेलीय. आणि मी सॉरी म्हणणार नाहीये.”

पलीकडून आता अगदी वेगळ्याच आवाजात, “उचल तिला आणि ये. आत्ता.”

डॉक्टरीणबाईंनी साखर-मिठाचं पाणी बिनसुईच्या सिरिंजने नेलच्या गालात सोडायला सुरुवात केली. थोडं पाणी, थोडी वाट, पुन्हा थोडं पाणी. एकदा सगळं उलटून बाईंच्या बाहीवर आलं. त्यांनी बाही दुमडली आणि पुन्हा सुरू केलं. ब्रायोनीच्या मनात एकच हिशेब फिरत होता: चारची वेळ मी माझ्या हाताने देऊन टाकली.

सहाच्या सुमारास ब्रायोनीने डायपरवर हात ठेवला. तो जड आणि कोमट लागला. डॉक्टरीणबाईंनीही हात लावून पाहिला आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

फोन थरथरला. कामावरून क्रेगचा निरोप: “बेटर?” बस, एवढंच.

ब्रायोनीने उत्तरात मला टाइप केलं. माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर खोडत मला पार पुसून टाकलं आणि लिहिलं: “लघवी केली. आत्ता. भरपूर.”

कित्येक शतकांनी माझं अंग स्वच्छ वाटलं. आजाऱ्याच्या उशाशी बसाल तेव्हा मला असंच पुसत जा आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. माझ्या रुसव्याची काळजी करू नका. मी आनंदाने बाजूला होईन.