ओला देवाचा, सुका पापाचा

श्रावणातल्या दर सोमवारी उंबराच्या पाराभोवती मुंगीला शिरायला जागा नसायची. पावसाची झड अंगावर घेत माणसं उभी, बायांच्या कडेवर पोरं, आणि बहुतेकांच्या अंगावर कुठं ना कुठं नायटा. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या मनगटावर, पोरांच्या तर थेट टाळक्यात. पारावर घोंगडी टाकून उंबरबाबा बसलेले. नायट्यावर बोट धरायचं, डोळे मिटायचे, राख फुंकायची आणि पुटपुटायचं, ‘बंतु, होयतु, ऊटा आयतु.’ हिमालयातला मंत्र आहे म्हणे.

आणि खोटं कशाला बोलू, नायटे बरे होत. दसऱ्याला सोनं लुटायच्या आत कपाळं स्वच्छ. मागच्या साली झाले, त्याच्या मागच्या साली झाले, म्हणून तर ही गर्दी. कुंडलपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. शेहेचाळीस सालची ही गोष्ट. आमच्या भागानं नुकतंच गोऱ्या सरकारच्या नाकी नऊ आणले होते. बंदुका घेऊन आलेल्या पोलिसांपुढं जे गाव वाकलं नाही, ते आता एका जटाधाऱ्यापुढं लोटांगण घालत होतं. मला तर हसावं का रडावं कळेना.

मी नानासो. गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीत दोन गोष्टी सारख्या उडतात, पीठ आणि बातम्या. त्यामुळं बाबाचं शास्त्र मला घरबसल्या पाठ झालं होतं. नायटा ओला असला, म्हणजे फुगलेला, लालभडक, पू धरलेला, तर तो देवाचा. बाबा छातीवर हात मारून सांगायचे, ‘दसऱ्याच्या आत पडंल. न्हाई पडला तर ह्या जटा काप.’ आणि नायटा सुका असला, नुसता कोंडा झडणारा, वर्षानुवर्षं चिकटून बसलेला, तर तो पापाचा. त्याला बाबा राखसुद्धा लावत नसत. घरातल्या बाईनं पाप केलंय, आधी तिला बाहेर काढा, मग या. बघा, देव किती सोयीचा! बरं झालं तर बाबानं केलं, नाही झालं तर बाईनं.

ह्या शास्त्रात लालासाहेब सापडला. पलटणीतून ब्रह्मदेशची लढाई करून तो उन्हाळ्यात परत आला होता. तिकडच्या चिखलात महिनोन्‌महिने ओले कपडे अंगावर राहिले आणि कमरेच्या पट्ट्याखाली त्याला नायटा झाला. सुका. त्याच्या आईनं, अंबूबाईनं, त्याला पारावर नेलं. बाबांनी एक नजर टाकली आणि घोंगडी मागं ओढली. चारचौघांत म्हणाले, ‘गड्या, तू लढाईवर हुतास तवा तुज्या बायकूचं पाऊल वाकडं पडलं. त्येचं हे फळ.’

जपानी गोळ्यांना पाठ न दाखवलेला गडी मान खाली घालून घरी आला. बायकोशी, शालूबाईशी, बोलणं बंद. दसरा झाला की शालूबाईला जतला माहेरी पोचवायची आणि काडीमोड घ्यायची, असं अंबूबाईनं भावकीत सांगूनही टाकलं. शालूबाई दळण घेऊन गिरणीत आली की बाकीच्या बाया आपल्या पाट्या बाजूला ओढायच्या. चार वर्षं नवऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून जिनं सासूचं शेत कसलं, तिचा हा सत्कार. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी बोलून बघितलं. लोक म्हणाले, नाना, आज तू देव मानत न्हाईस, उद्या आमचं दळण तुझ्या गिरणीत न्हाई.

आठवडी बाजाराला सांगलीहून एक डॉक्टरीणबाई यायच्या आणि माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसायच्या. सुहासिनीबाई त्यांचं नाव. वाईच्या घरातल्या, बोलायला मऊ, पण विचारू लागल्या की वकील परवडला. मी त्यांच्यापुढं बाबाचं गाऱ्हाणं मांडलं. मला वाटलं, हसून सोडून देतील. त्यांनी उलट बाबाची चौकशी आरंभली. बाबा येतात कधी? मी म्हटलं, बेंदूर झाल्यावर महिन्याभरानं. बसल्यावर पहिलं काय विचारतात? म्हटलं, दावणीला वासरू हाय का. मग बेंदराला तुम्ही लोक नक्की करता काय?

आता बेंदूर आम्हाला सांगायचा! बैलांना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, आणि मग बैलाच्या कपाळाला कपाळ टेकवून वर्षभराच्या कष्टांची माफी मागायची. आमच्याकडं पोरं वासरांच्याही गळ्यात पडून कपाळं घासतात. एवढं ऐकलं आणि बाई उठल्या. मग त्यांनी त्या दिवशी ओट्यावर आलेल्या पोरांची डोकी तपासली आणि पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला.

तेवढ्यात शालूबाई दळण घ्यायला आली. ओट्यावरची माणसं पांगेपर्यंत थांबली आणि हळूच बांगड्या मागं सारून तिनं मनगट पुढं केलं. फुगलेलं, लाल, पू धरलेलं गोल चकंदळ.

‘आत्याबाईस्नी दावलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘म्हंत्याल, पाप अंगावर फुटलं. बाई, मी कुटं तोंड दावू?’

तिला रडू फुटलं.

बाईंनी मनगट धुतलं, विचारलं, घरच्या वासराला कोंडा कोण चारतं. शालूबाई म्हणाली, मीच की. वासराच्या तोंडाभोवती पांढरे गोल डाग आहेत का? आहेत. मग बाईंनी तिला आणि मला जे समजावलं, ते ऐकून शालूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मला बोलायलाच दिलं नाही. म्हणाली, ‘मग मलाच न्या त्या बाबाच्याम्होरं.’

पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंबरोबर नाकापर्यंत पदर ओढलेली एक बाई पारापुढं उभी राहिली. बाबांनी तिला आधी कधी बघितलेलं नव्हतं. तिनं फक्त हात पुढं केला. बाबांनी विचारलं, दावणीला वासरू हाय का. पदर हलला. बाबा खूश. शहरातली डॉक्टरीण बघायला आलीय म्हटल्यावर त्यांना चेवच चढला. हात उंच धरून त्यांनी गावाला दाखवला.

‘बगा रं समद्यांनी! ह्यो देवाचा नायटा. ही बाई गंगेवानी पवित्र हाय. हिच्या अंगाला पापाचा वारा न्हाई. दसऱ्याच्या आत पडला न्हाई तर ह्या जटा कापा!’

शालूबाईनं पदर मागं टाकला.

गर्दीनं तिला ओळखलं. बाबांना अजून उमजेना. कुणीतरी हळू आवाजात त्यांना सांगितलं की ही लालासाहेबाची बायको, जिला तुम्ही पापी ठरवली. पण बाबा कसलेले. क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, माझ्या राखेच्या नुसत्या वाऱ्यानं तिचं पाप धुतलं गेलं.

तेव्हा बोलली ती डॉक्टरीण नव्हे, मीही नव्हे. बोलली गर्दीत लेकाला घेऊन उभी असलेली अंबूबाई. ‘लाला,’ ती म्हणाली, ‘सदरा वर कर.’

लालासाहेबानं सदरा वर केला. कमरेचा नायटा होता तिथंच, तसाच, कोंडा झाडत. अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग बाबांकडं बघितलं. म्हणाली, ‘पाप धुतलं, तर ह्यो का न्हाई गेला?’ बाबांनी ‘बंतु, होयतु’ सुरू केलं. शालूबाई जतची, तिला कानडी येतं. तिनं तिथल्या तिथं मंत्राचा अर्थ सांगून टाकला: आलं, गेलं, जेवण झालं. हसण्यात बाबांच्या पुढचे शब्द बुडाले.

मग बाईंनी पारावर सूक्ष्मदर्शक मांडला आणि शालूबाईच्या मनगटावरचा पू काचेवर घेतला. नायटा ही बुरशी, त्या म्हणाल्या, शिळ्या भाकरीवर येते तिच्याच गोतातली. एक जात जनावरांच्या अंगावर राहते. बेंदराला कपाळाला कपाळ लागलं की ती माणसावर येते. पण माणसाचं अंग तिला परकं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला ओळखतात, चवताळून तिथं धावतात, तिला घेरतात, गिळतात. जागा लाल होते, फुगते ती त्यामुळं, आणि पू म्हणजे त्या झटापटीत मेलेल्या पेशींचा ढीग. एवढा दंगा झाला की बुरशी हटतेच, राख लावा नाहीतर लावू नका. दुसरी जात माणसाच्याच अंगावर पिढ्यानपिढ्या राहिलेली. ती गुपचूप राहते, कातडीचा वरचा थर खाते, आणि पेशी तिच्यावर फारशा उठत नाहीत. तिथं मलम लावावं लागतं, तेही चिकाटीनं.

‘तुमच्या बाबांचा डोळा चांगला आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आपोआप बरा होणारा नायटा कोणता, हे दावणीचं वासरू विचारून त्यांना बरोबर कळतं. तेवढाच ते हातात घेतात. उरलेला बायकांच्या माथी मारतात.’

माणसांनी रांग लावून काचेतून बघितलं. बुरशीचे दोरे आणि त्यांच्याभोवती पेशींची दाटी. रांग संपेतो पारावर नुसती घोंगडी उरली होती. बाबा जटांसकट पसार. त्या कापायची हौस आता बऱ्याच जणांना होती, तेवढी राहून गेली.

शालूबाईनं मनगटाला राख लावली नाही. बाईंनी सांगितल्याप्रमाणं नुसतं धुऊन कोरडं ठेवलं, आणि दसऱ्याला ती सोनं वाटायला आली तेव्हा तिथं फिकट डाग तेवढा होता. लालासाहेबाला मात्र मलमाची डबी संक्रांतीपर्यंत घासावी लागली. पाठीकडं हात पोचेना म्हणून त्यानं एकदा बायकोला हाक मारली. ती म्हणाली, ‘आत्याबाईस्नी सांगा. त्यास्नी पापाचं लय कळतंय.’ अंबूबाईनं मुकाट्यानं मलम लावलं. शालूबाई त्याच्याशी नीट बोलायला लागली ती होळीनंतर. मी तिला दोष देणार नाही.

पुढच्या बेंदराला तिनं पुन्हा बैलाच्या कपाळाला कपाळ लावलं, वासरालाही कवटाळलं. तिला नायटा उठला नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, एकदा भेटलेला शत्रू त्या पेशी सहसा विसरत नाहीत, पुन्हा आला तर दारातच धरतात.

आणि त्याच आठवड्यात गिरणीत बातमी उडाली की माण तालुक्याकडं एक बाबा आलाय, नुसत्या फुंकरीनं कावीळ उतरवतो. बाया पाट्या खाली ठेवून ऐकायला लागल्या. मी गिरणी थांबवली. म्हटलं, बायांनो, डोळ्यांना दिसत नाही एवढी बारीक ती पेशी. तिला डोकं नाही, शाळा नाही, तरी ती नव्या माणसाला तपासल्याबिगर आत घेत नाही आणि एकदा फसवून गेलेल्याला विसरत नाही. आपल्याला तर देवानं चांगलं मडक्याएवढं डोकं दिलंय. कोपऱ्यात शालूबाई दळणाला बसली होती. तिनं मनगटावरच्या बांगड्या मागं सारल्या आणि तो डाग सगळ्यांना दिसेल असा हात पाटीवर ठेवला. कावीळवाल्याची चौकशी तेवढ्यावर थांबली.