अडीच डॉलरचा शिक्का

न्यू जर्सीत नोटरीला एका शिक्क्यामागे अडीच डॉलर मिळतात. तेवढ्यात माणसं किती वाचायला मिळतात, याचा हिशेब सरकारने धरलेला नाही. एडिसनला ओक ट्री रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस. लोकांचे टॅक्स भरून देते, शिक्के मारते. कोणाचं घर पगारावर चाललंय आणि कोणाचं क्रेडिट कार्डावर, हे मला त्यांच्या सासवांच्या आधी कळतं.

शनिवारी परीक्षित आणि राधिका आले. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली, पाठोपाठ इन्शुरन्स गेला आणि नेमकं त्याच दोन महिन्यांत मुलीचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटल आणि कार्डं मिळून त्र्याण्णव हजार डॉलर. आता नोकरी आहे, निम्म्या पगाराची.

"मीनाक्षीकाकू, एका मुखत्यारपत्रावर शिक्का हवाय," परीक्षित म्हणाला. "आजच नागपूरला कुरियर करायचंय."

शिक्क्याआधी वाचायची मला खोड आहे. आईबरोबरच्या फ्लॅटमधला आपला अर्धा हक्क तो आईला सोडून देत होता. मामेभाऊ त्याच्या वतीने हक्कसोडपत्र करणार होता.

"नुसतं नावच आहे हो माझं," तो म्हणाला. "आईने तिच्या पैशाने घेतला. पुढे कटकट नको म्हणून माझं नाव घातलं."

"मग आज काय कटकट झाली?"

त्याने राधिकाकडे पाहिलं. तिने पिशवीतून जाड गठ्ठा काढला. दोघांचा मिळून दिवाळखोरीचा अर्ज. सही करायची तिथे पिवळे कागदी बाण. मी मोजले, अकरा होते.

"अवधूतने करून दिला," ती म्हणाली. "साडेचारशे. कॅश. पावती नाही."

अवधूत म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमात माइक न सोडणारा. पासपोर्टचे फॉर्म भरून देतो, व्हिसाचे भरून देतो, आता दिवाळखोरीचेही. या दिवाळखोरीचे दोन प्रकार. चॅप्टर सेव्हनमध्ये, कायदा राखू देतो तेवढं सोडून तुमचं सगळं विकतात, उरलेलं कर्ज बहुतेक माफ, चारेक महिन्यांत मोकळे. चॅप्टर थर्टीनमध्ये घरदार राहतं, पण पाच वर्षांपर्यंत हप्ते भरायचे. अवधूतने सेव्हनवर खूण केली होती. घर, जमीन: नाही. परदेशात खातं: नाही. आईच्या एफडीवर परीक्षितचं नाव आहे, हे दर वर्षी मीच सरकारला कळवते.

"सेव्हन कोणी ठरवलं?"

"अवधूत म्हणाला, बेस्ट आहे. लवकर सुटतो, यार," परीक्षित म्हणाला.

मी अवधूतला स्पीकरवर घेतलं.

"अवधूत, वकील कधी झालास? पेढे नाही आले."

"काय काकू. मी फक्त टायपिंग करतो."

"टायपिंगवाला चॅप्टर निवडतो? आणि फ्लॅट कुठे गेला?"

"नाव काढलं की फ्लॅट त्याचा नाहीच. लिहायचा कशाला? वकील दोन-दोन हजार घेतात, काकू. आपल्या माणसांना कोण बघणार?"

"अर्ज तयार करणाऱ्याचं नाव लिहायची जागा कोरी आहे."

"ते ऑप्शनल असतं. बरं, दुसरा कॉल येतोय."

ऑप्शनल. फॉर्मवर मात्र छापलंय: तयार करणाऱ्याने नाव लिहायलाच हवं, नाहीतर दंड. शपथ यांची, शिक्षा झाली तर यांना, घर म्हातारीचं. आणि साडेचारशे तेवढे याचे. इतका बिनभांडवली धंदा मी तीस वर्षांत पाहिला नाही.

"सही करून टाकू," परीक्षित हळूच म्हणाला. "उगाच लांबवायला नको."

"सव्विसाव्या वर्षी मी अशीच सही केली," राधिका म्हणाली. "माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर. भाऊ पेनाने दाखवत होता, इथे, इथे आणि इथे. म्हटलं, घरचाच कागद. काय सोडलं ते पाच वर्षांनी कळलं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"बाणांचा संबंध आहे. न वाचता मी सही करणार नाही."

मी शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला. अडीच डॉलर बुडाले.

मंगळवारी आम्ही अनिकाकडे गेलो. इथेच वाढलेली मराठी मुलगी, दिवाळखोरीची वकील, पहिली भेट फुकट. मी फक्त गाडी चालवायला गेले होते, असं मी सांगते.

तिने सगळं वाचलं. "अर्जाच्या आधी प्रॉपर्टी दुसऱ्याच्या नावावर केली की जज म्हणणार, लपवली. मग कर्ज माफच होत नाही. फ्लॅट लिहायचा. आईंनी पे केलं, तेही लिहायचं, बँकेच्या प्रूफसकट."

"प्रूफ आहे, मग सेव्हनच करू," परीक्षित म्हणाला.

"कोर्टाने नेमलेल्या ट्रस्टीला पटलं नाही तर? तो अर्धा हिस्सा विकायला बघेल. आणि सेव्हनमधून तुम्ही आपल्या मनाने बाहेर येऊ शकत नाही. थर्टीनमधून येऊ शकता."

"थर्टीनमध्ये तुझी फी जास्त ना गं?" मी विचारलं.

"डबल, काकू. म्हणून मी चूज करत नाही. ते करतील."

"हप्ता?" राधिकाने विचारलं.

"महिन्याला साधारण चारशे वीस. पाच वर्षं भरले की उरलेलं बहुतेक माफ."

राधिकाने फोनवर हिशेब केला. "साठ हप्ते. पंचवीस हजार दोनशे. थर्टीन."

"पाच वर्षं, राधिका."

"आई त्या घरात एकट्या राहतात. त्यांचं घर आपल्या घाईवर टांगायचं नाही."

परीक्षित उठून खिडकीपाशी गेला. मामेभावाला फोन करून म्हणाला, रजिस्ट्रारची अपॉइंटमेंट कॅन्सल कर.

नवा अर्ज राधिकाने माझ्या ऑफिसात बसून वाचला. तीन तास, चहा दोनदा. एका प्रश्नाशी ती थांबली: गेल्या वर्षभरात या दिवाळखोरीच्या कामासाठी कोणाला पैसे दिले? तिने अवधूतला फोन लावला.

"भावजी, तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगा. कोर्टाला हवाय."

पलीकडून माइकवाला आवाज एकदम खाली आला.

"वहिनी, मी पैसे परत करतो ना. माझं नाव तेवढं काढून टाका."

"पैसे परत करा," राधिका म्हणाली. "तेही लिहावं लागेल. तारीख सांगा."