रविवारची खोली

नवऱ्याने खुर्ची फरफटत पुढे ओढली, तेव्हा व्हायोलिनवाली तारा जुळवत होती. फरशीवर लोखंड असं करकरलं की पहिल्या रांगेतली चार डोकी एकदम वळली.

"उचलून ठेव ना," बायको हळूच म्हणाली.

"का? झोपलंय का कोणी?"

पियानो दुरुस्त करणाऱ्या काकांची ही कार्यशाळा. भिंतीकडेला पोट उघडं टाकलेले पियानो, मधे तीसेक खुर्च्या, आणि वाजवणारे इतके जवळ की पाय लांब केला तर त्यांच्या स्टँडला लागावा. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं तिचं काम. काकांचा चष्मा पोचवायला म्हणून ती दोन वर्षांपूर्वी जिना चढून आली, आत कोणीतरी वाजवत होतं, आणि ती दारातच उभी राहून ऐकत राहिली. तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी, दुपारची भांडी आवरून, ती इथे यायची. गज तारेवर टेकण्याआधी व्हायोलिनवाली नाकाने एक छोटा श्वास घेते, तो श्वाससुद्धा आता तिच्या ओळखीचा झाला होता. घरी तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

विचारलं ते याच आठवड्यात.

"नटूनथटून जातेस तरी कुठे?"

"वाजवतात, ते ऐकायला."

"मग मीही येतो. बघू तरी कोण वाजवतंय."

आता तो बघत होता. आधी काकांना, मग पलीकडच्या दाढीवाल्या मास्तरांना, कारण त्यांनी तिला पाहून मान हलवली होती.

"हा कोण?"

"येतात ऐकायला."

"तुला ओळखतो."

"इथे सगळेच ओळखतात."

"वा," तो म्हणाला. "बरंच बस्तान बसवलंयस."

वादन सुरू झालं. सुरुवातीचा तुकडा संथ होता. नवऱ्याचं फरश्यांचं दुकान. रिकामं बसणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. त्याने मान मोडली, छताकडे पाहिलं, जांभई दिली आणि ती लपवली नाही. ती समोर बघत राहिली. मग त्याचा फोन वाजला, आणि त्याने तो घेतला.

"हां, बोला. नाही, नाही, बोला ना, काही विशेष नाही. त्या करड्या फरश्या उद्या येतील."

व्हायोलिन थांबलं. गज हवेत राहिला. व्हायोलिनवालीने नवऱ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्या बाईने तिच्याकडे पहिल्यांदाच असं सरळ पाहिलं होतं. तिने मान खाली घातली.

काका उठून आले.

"साहेब, फोन बाहेर जाऊन घ्या. आणि मग बाहेरच थांबा."

"तिकीट काढलंय मी."

"काढलंत. ऐकलं नाहीत."

मागून कोणीतरी हसलं. नवरा उठला. खुर्ची मागे कलंडली, ती दाढीवाल्या मास्तरांनी धरली.

"चल," तो तिला म्हणाला.

तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले.

"चल म्हणतोय ना."

"तू हो पुढे."

"काय?"

"तू हो पुढे. मी संपल्यावर येते."

हे तिने मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण त्या खोलीत हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जायचं. त्याची मान लाल झाली.

"घरी ये, मग बघतो," तो म्हणाला. दार आपटलं, तशा उघड्या पियानोंच्या तारा थरथरून गुणगुणल्या.

पुन्हा वाजवायला सुरुवात झाली, पण तिला बराच वेळ काही ऐकू आलं नाही. पुढचे चार दिवस कसे जातील ते ती बघत होती. तो ओरडायचा नाही. ताट सरकवून उठायचा, आणि फोनवर बहिणीशी बोलताना हिला ऐकू जाईल एवढाच आवाज चढवायचा. मग कधीतरी तो छोटा श्वास तिच्या कानावर आला. तिने बोटाला गुंडाळलेले बंद सोडले.

संपल्यावर काका उभे राहिले. पुढचा कार्यक्रम महिन्याच्या शेवटच्या रविवारी, हीच मंडळी, ते म्हणाले. लोक उठू लागले. व्हायोलिनवाली पेटी बंद करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"माफ करा," ती दाराशी काकांना म्हणाली.

"तुम्ही या," काका म्हणाले. "एकट्या या."

नवरा गेला नव्हता. दाराबाहेर पहिल्याच पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि तो काय बोलतो त्याची वाट पाहिली.

"शेवटी ते अगदी बारीक होत गेलं ना," तो म्हणाला. "मला वाटलं संपलं. उठलो, तर पुन्हा सुरू."

"हं."

"मुद्दाम करतात का तसं?"

"हो."

"मग पुन्हा बसलो." त्याने पँट झटकली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "दारातून नीट येत नाही ऐकू. पुढच्या वेळी फोन बंद ठेवीन."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता.

"कधी आहे पुढचं?"

मागून मंडळी जिन्याकडे येत होती. तिने कठड्याला धरून त्यांना वाट करून दिली.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या आधी जिना उतरू लागली.