वर्तणुकीचा रकाना

कॉलेज सोडल्याच्या दाखल्यात वर्तणुकीचा रकाना असतो. तिथं सगळ्यांनाच 'गुड' मिळतं, भिंतीवरून उड्या मारून पळणाऱ्यांनासुद्धा. सोनूबाईच्या लेकीच्या, प्रियदर्शनीच्या दाखल्यावर मात्र 'इम्मॉरल' लिहून आलं. असला कागद घेऊन गेल्यावर नर्सिंगला तिला कोण दारात उभं करून घेणार?

"घरी चल, माय," प्रियदर्शनी म्हणाली. पण सोनूबाई आपल्या कुंभार पिंपळगाव या गावाहून अंबडच्या कॉलेजात मान खाली घालायला आली नव्हती. ती थेट प्राचार्यांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सर, या शब्दाचा अर्थ काय?"

"म्हणजे... वर्तन समाधानकारक नाही."

खिडकीपाशी बसलेला क्लार्क हसला. मेल्याला हसायला काय झालं, देव जाणे. सोनूबाईनं लेकीकडं पाहिलं. "तू बारावी शिकलीस. तू सांग."

पोरीचे कान तापले, पण आवाज हलला नाही. "बदचलन, माय. इंग्रजीत लिवलं की लिवणाऱ्याला लाज वाटत न्हाई."

सोनूबाई प्राचार्यांकडं वळली. रडणं काय, घरी जाऊनही करता येतं. "काय केलं हिनं?"

"पेपरच्या दिवशी एका मुलाच्या मोटरसायकलवर बसून आली. तक्रार आहे."

"एसटी चुकल्ती. शेजारच्या हरिओमच्या गाडीवर मीच बसवलं तिला. पेपर बुडवायचा व्हता का?"

हरिओम बाहेरच उभा होता, नुकताच मिळालेला दाखला हातात घेऊन. सोनूबाईनं त्याला आत बोलावलं. "तुझ्यावर काय लिवलंय रे?"

"गुड, काकू."

"गाडी एकच व्हती, सर. चालवणारा गुड अन् मागं बसणारी बदचलन?"

"पोरांची गोष्ट वेगळी असते, बाई."

"मंग तेच लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी. न्हाई तर दोघांला एकच शब्द द्या."

हरिओमनं आपला दाखला टेबलावर ठेवला. "माझ्यावरबी तोच लिहा, सर."

दाखल्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या आयाबाया दारात गोळा झाल्या होत्या. क्लार्क आता हसत नव्हता. प्राचार्यांनी कोरा दाखला मागवला. "बाहेर बसा. करून देतो."

"समोर लिहा," म्हणत सोनूबाईनं खुर्ची ओढली. तो रकाना आला तशी ती म्हणाली, "मराठीत. मला वाचता आलं पाहिजे."

प्राचार्यांनी लिहिलं. सोनूबाईनं अक्षरावर बोट ठेवलं आणि दारातल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं वाचलं, "चांगली."