माझी शेवटची सोळा पानं

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. देवळाली प्रवरातल्या वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात राहते. मित्रांनो, माझ्यात एक खून आहे, पाच संशयित आहेत आणि दोनशे चोवीस पानं आहेत. त्यातली शेवटची सोळा पानं अकरा वर्षं माझ्याजवळ नव्हती. रहस्यकादंबरीला याहून मोठी नामुष्की कोणती, सांगा बरं!

घडलं ते असं. लोकांनी वाचून वाचून माझी पाठ निखळली, म्हणून मला बांधणीला पाठवलं. सोबत शेजारची जाडजूड ऐतिहासिक कादंबरीही होती. बाइंडर पुस्तकातल्या सोळा-सोळा पानांच्या जुड्या सुट्या करतो आणि पुन्हा शिवतो. आम्हा दोघींच्या पानांचा आकार एकच, आणि गडी घाईत. त्यानं माझी शेवटची जुडी तिला शिवली आणि तिची मला. वरून छान कापडी पुठ्ठा चढवला.

तेव्हापासून माझ्या इन्स्पेक्टरनं "खुनी याच खोलीत आहे" म्हणावं आणि पुढच्या पानावर हत्ती यावेत! पाठोपाठ तोफा, किल्लेदार, रणशिंगं. वाचक चिडायचे, मला टेबलावर आपटायचे. शेजारणीबद्दल मात्र एकही तक्रार नाही. मला तिचा हेवा वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात हमिदानं मला नेलं. ती बायकांचे ब्लाउज शिवते आणि जेवताना, एसटीची वाट बघताना, मिळेल तिथं खुनाच्या गोष्टी वाचते. दुसऱ्याच दिवशी ती तावातावानं परत आली.

"आसारामभाऊ, ह्याचा शेवट कुठं हाय?"

ग्रंथपाल आसारामनं मला उलटंपालटं केलं. तो पुस्तकांना नंबर घालतो, वाचत नाही. म्हणाला, "छपाईतच चूक दिसती, ताई. लई तक्रारी आल्यात. सोमवारी रद्दीवाला येतोय, देऊन टाकतो."

त्यानं माझ्या पुठ्ठ्यावर लाल फुली मारली. खरं सांगते, मी घाबरले. आता माझ्या पानांवर लोक भेळ खाणार आणि माझा खुनी कायमचा सुटणार!

हमिदाला दुसरी रहस्यकादंबरी हवी होती, पण तिथल्या सगळ्या तिच्या वाचून झालेल्या. शेवटी नाक मुरडत तिनं शेजारीण नेली. ऐतिहासिक वाचायची तिची ही पहिलीच खेप. पण शेवट न वाचता पुस्तक मिटायचं, हे तिला ठाऊकच नाही.

सोमवारी सकाळी ती धावतच आली. रद्दीचा टेम्पो दारात होता आणि मी गठ्ठ्यात सुतळीनं बांधलेली.

"थांबा! घावला खुनी! ह्या किल्ल्याच्या पुस्तकात दडून बसलाय!"

तिथं केशरबाई पेपर चाळत होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, आणि ऐतिहासिकशिवाय दुसरं काही हातात धरत नाहीत.

"काहीतरीच काय, हमिदा! ही कादंबरी मी तीनदा वाचलीय. शेवटी तर ढसाढसा रडले."

"कुठल्या पानावर, बाई? शेवटाला तर इन्स्पेक्टर बेड्या ठोकतोय."

केशरबाईंनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, इतिहासात पुढं काय होतं ते माहीतच असतं. शेवटची पानं मी सोडते." अकरा वर्षं सगळ्यांनीच सोडली होती.

आसाराम डोकं खाजवत म्हणाला, "पन कागद जुना झालाय. उसवलं तर तुकडे व्हतील."

"रोज उसवते न् रोज शिवते मी, भाऊ. सरका तिकडं."

हमिदानं पिशवीतून कात्री, सुई, दोरा काढला आणि आमचे टाके एकेक करून तोडले. मला काही बघवेना. एका पानाचा कोपरा तुटला, बाकी सगळी धड आली. दुपारपर्यंत हत्ती त्यांच्या किल्ल्यात गेले आणि माझा खुनी माझ्या घरी आला. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

केशरबाई तोवर घरी गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हमिदा, एवढं सांग, खुनी कोण?"

"न्हाई, बाई. ह्या खेपेला शेवटापर्यंत जावा."

बाईंनी मला पिशवीत घातलं. आठ दिवसांनी मी परत आले, तेव्हा अगदी शेवटच्या पानावर चहाचा ताजा डाग होता. मित्रांनो, पुस्तकावर चहा सांडू नये, पानं दुमडू नयेत, हे मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. पण पान दोनशे चोवीसवरचा तो डाग मला फार आवडतो.