देवीने निवडलेली बॅटरी

कोणीही बोलत नव्हते. मढच्या किनाऱ्यावर, बोंबील सुकवण्याच्या रिकाम्या काठ्यांमागे पत्र्याची एक मठी होती. तिच्या बंद दाराकडे तोंड करून सारा कोळीवाडा उभा होता. समुद्र ओहोटीने दूर गेलेला. ही शांतता श्रद्धेची असती तर मी तिच्यापुढे मान लवून उभा राहिलो असतो. पण तिच्यात काहीतरी कुजत होते. माणसे दाराकडे पाहत, आणि मधूनच, चोरट्या नजरेने, माडाखाली एकट्या उभ्या असलेल्या जानकीकडे पाहत. तिच्याभोवती कोणी रेघ ओढली नव्हती. तरी तिच्या जवळपास एकही पाऊल पडत नव्हते.

दार उघडले. मार्तंडमहाराज बाहेर आले. अंगाला लालभडक लोकरी धाबळी, कपाळावर मळवट. मागे ओट्यावर बॅटऱ्या रांगेने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर हळदकुंकू, जास्वंदीचे फूल. महाराजांनी दोन तारा उचलल्या, मोटारीचा दिवा त्यांना जोडला, आणि त्या मळभलेल्या सकाळी पांढरा, डोळे दिपवणारा उजेड पडला.

गर्दीतून एक दीर्घ उसासा गेला. बायकांनी पदर पसरले.

"काल ही मेलेली होती की नव्हती?" महाराजांनी विचारले.

"मेलेली होती," गर्दी म्हणाली.

"हिला तार लावली? यंत्र लावलं? नाही. विलायतेतले शहाणे अणू फोडतात, म्हणून त्यांच्याकडे राख होते. आम्ही अणूला हाक मारतो. आई त्या हाकेला ओ देते. एका रात्रीत, तीर्थाच्या एका थेंबात." त्यांनी हिरव्या काचेची बाटली उंचावली. "अंधेरीचा दुकानदार दोन दोन दिवस बॅटरी डांबून ठेवतो. आईला तेवढा वेळ लागत नाही. आईला काय, मीटर बघायचा असतो?"

लोक हसले. हसण्यात सुटका होती. उद्या नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ द्यायचा आणि होड्या पाण्यात लोटायच्या.

इथे आम्ही दोघे उपरे होतो. सुनंदा आणि मी अंधेरीच्या एका शाळेत शिकवतो. ती रसायन, मी मराठी. जानकी आमच्या गल्लीत मासळी विकते. आठवड्यापूर्वी तिने पाटीखालून एक जुनी फडकी काढली होती, कोळणी अंगावरून घेतात ते सुती वस्त्र, आणि सुनंदापुढे पसरली होती. जागोजागी भोके होती, कडा तपकिरी.

"बाई, तुमी शिकलेल्या. ही भोकं देवीनं पाडली का, तेवढं सांगा मना."

सुनंदा बराच वेळ ते कापड बोटांनी चाचपत राहिली. "आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या सदऱ्याला अशीच भोकं आहेत," ती शेवटी म्हणाली. "कुठं झालं हे?"

तेव्हा जानकीने सांगितले. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारली की तिच्या कोणत्याही अवयवाला काम द्यायचे नाही, ही इथली जुनी रीत. जाळी विसावतात, वल्ही विसावतात. इंजिने आली तेव्हा लोकांनी बॅटरीलाही होडीचाच अवयव मानले. हळदकुंकू वाहून तिला फळीवर ठेवले, आणि श्रावणापर्यंत हात लावला नाही. श्रावणात ती मेलेली निघे. पूर्वी तरीतून, खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, वेसाव्याला आणि तिथून अंधेरीला नेऊन ती भरून आणत. मग मार्तंडमहाराज आले. मेलेल्या बॅटऱ्या ते उठवू लागले. मुंबईहून टॅक्सीच्या जुन्या बॅटऱ्या आणून देवीच्या कौलाने विकूही लागले. दोन बॅटऱ्यांवर दोन फुले लावायची. ज्या बॅटरीचे फूल आधी पडेल ती त्या होडीची.

गेल्या वर्षी जानकीच्या नवऱ्याने, काशीरामने, अशीच देवीने निवडलेली बॅटरी घेतली. जानकीने ती स्वतः छातीशी धरून मठीतून होडीपर्यंत नेली. पौर्णिमेनंतर लगेचच्या एका ढगाळ रात्री खोल समुद्रात डोलकाठीवरचा दिवा विझला. एका मोठ्या बोटीने ती काळोखातली होडी चिरडली. मुलगा धाकू एका पिंपाला धरून वाचला. काशीराम सापडला नाही.

मठीत विचारणा झाली. धुतल्यावर भोके पडलेली जानकीची फडकी महाराजांनी साऱ्यांना दाखवली. "हिनं विटाळात बॅटरीला मिठी मारली. आईनं हिचं वस्त्र जाळलं, तेज काढून घेतलं." त्या दिवसापासून धाकू चुलत्याकडे, सहदेवकडे राहतो. आईच्या हातचे पाणी पीत नाही. जानकी वेसाव्याला एका खोलीत एकटी असते. आणि उद्या धाकू सहदेवच्या होडीवर जाणार होता, आज इथे उजळलेली बॅटरी घेऊन. म्हणून आम्ही जानकीबरोबर इथे आलो होतो.

आरती संपली. महाराजांनी तारांकडे हात नेला.

"राहू द्या," सुनंदा म्हणाली.

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. "आईला शिणवू नये, बाई."

"समुद्रावर दिवा रात्रभर जळायचा आहे. इथं घटकाभर जळला तर आई शिणेल?"

"तू कोण?"

"शाळेत शिकवते."

"मग शाळेत शिकव."

एक-दोघे हसले. सहदेव हसला नाही. तोंडातला पानाचा तोबरा त्याने बाजूला थुंकला. "महाराज, बाय बरोबर बोलते. होडी माजी हाय. पोर बी माजंच. जळू दे की."

महाराजांचा हात तारेपाशी थांबला, मग मागे आला. त्यांनी मोठ्याने जप सुरू केला.

दिवा जळत राहिला. ढगांमागे सूर्य वर चढत होता की काय, कोणास ठाऊक. पण तो उजेड काही वेळाने पूर्वीसारखा वाटेना. कोणी म्हणाले, दिवस उजाडला म्हणून तसे वाटते. पांढरा रंग पिवळा झाला. पिवळ्यात केशर उतरले. जप अधिक मोठा झाला, आणि त्या काचेच्या गोळ्यात फक्त एक लाल तार उरली, जखमेच्या कडेसारखी.

"आशीच," धाकू म्हणाला.

तो चुलत्याच्या मागे उभा होता. सारे त्याच्याकडे वळले.

"आशीच लाल झाली होती. बापूस बोलला, धाकू, कंदील पेटव. काड्या भिजलेल्या. मना वाटलं, आयेमुळं."

"तुझ्या आईमुळेच," महाराज चटकन म्हणाले. बोट माडाकडे गेले. "ती बघा, आजही उभी आहे. विटाळाला हिची सावलीसुद्धा पुरते. दार लावा. आईला विसावू द्या."

दार लावले गेले. जानकीने पाय हलवले नाहीत. थोड्या वेळाने दार उघडले, तारा जोडल्या, आणि दिवा पुन्हा उजळला. गर्दी शहारली. एक म्हातारी रडू लागली. महाराजांनी विजयी मुद्रेने सुनंदाकडे पाहिले.

ती शांत होती. "आता पुन्हा जळू द्या," ती म्हणाली.

या खेपेस तो फार लवकर लाल झाला.

"लुगडं पिळून दांडीवर टाकलं की थोड्या वेळानं खाली दोन थेंब साठतात ना?" तिने म्हातारीला विचारले. "म्हणजे लुगड्यात विहीर आहे असं नाही. मरू घातलेली बॅटरी जरा थांबली की शेवटचे थेंब देते. तुमच्या आईचा यात हात नाही, आजी, आणि विटाळाचाही नाही. आता ते तीर्थ द्या मला."

"स्त्रियांना वर्ज्य आहे," महाराज म्हणाले.

"मना तर चालंल," सहदेव म्हणाला आणि ओट्यावर चढला.

बाटली त्याने दोन्ही हातांनी, भीत भीत उचलली. त्याची भीती खोटी नव्हती. तो या देवीला लहानपणापासून ओळखत होता. सुनंदाने वाळूतला एक शिंपला उचलून ओट्यावर ठेवला. त्यावर चार थेंब पडले. शिंपला फसफसला, पांढरा फेस धरून किंचित सरकला.

"आई कोपली," कोणीतरी पुटपुटले.

"नाही. शिंपल्यात चुना आहे, आणि बाटलीत ॲसिड. लिंबू पिळून बघा घरी, हळूहळू असंच होईल." तिने माझा सुती रुमाल मागितला, त्यावर एक थेंब सोडला आणि तो मठीतल्या धुनीच्या धगीवर दुरून धरला. ओला डाग सुकला, तपकिरी झाला, काळा झाला. तिने बोट लावले तेव्हा तिथले कापड भुगा होऊन खाली पडले.

मग तिने पिशवीतून जानकीची फडकी काढली आणि तिच्यावर रुमाल ठेवला. तीच कडा, तोच तपकिरी रंग.

"बॅटरी ॲसिडनं काठोकाठ भरली होती. नेताना हिंदकळली, छातीवर सांडली. उन्हात वाळत घातल्यावर भोकं पडली. यात पाप कुठलं?" ती आता महाराजांशी नव्हे, धाकूशी बोलत होती. "महाराज धाबळी का नेसतात? सोवळं म्हणून नव्हे. लोकर ॲसिडला दाद देत नाही. कापूस लगेच जळतो. तीर्थ तांब्यात का नाही, काचेत का? मरत्या बॅटरीत असं ताजं ॲसिड ओतलं की ती एकदा झगझगून उठते, आणि तेच ॲसिड तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या खाऊन टाकतं. दुकानदार दोन दिवस घेतो, कारण बॅटरी हळूहळूच भरते. आणि तिला पावसाळ्यात विसावा देऊ नका. जाळं विसाव्यानं टिकतं, बॅटरी विसाव्यानं मरते. दर महिन्याला भरून आणा. घेताना फूल कुठं पडतं ते बघू नका. दिवा लावा आणि तो किती वेळ जळतो ते बघा."

मार्तंडमहाराज आत गेले होते. आतून कडी लावल्याचा आवाज आला. कोणी दार फोडले नाही, कोणी शिवी दिली नाही. माणसे एकेक करून पुढे झाली, आपापली बॅटरी उचलून निघाली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी जाताना त्या बंद दाराला नमस्कार केला. उघडे पडलेले असत्य लगेच मरत नाही. तेही थोडे विसावते आणि पुन्हा उजळते. म्हणून मी हे लिहीत आहे. देवीपुढे हात जोडावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जो चमत्कार घटकाभर डोळे उघडे ठेवून पाहू देत नाही, त्याच्या भरवशावर माणसे समुद्रात पाठवू नका. आणि तो चमत्कार फसला की त्याचा दोष एखाद्या बाईच्या अंगाला चिकटवू नका. पाहा, मोजा, विचारा. एवढे केले असते तर काशीराम आज होडीला रंग देत असता.

सहदेवने आपली बॅटरी खांद्यावर घेतली. "उद्या नारळ देऊ," तो म्हणाला, "होडी नाय लोटणार. ही आधी अंधेरीला."

धाकू माडाकडे गेला. त्या रिकाम्या वर्तुळात वर्षभरात पहिल्यांदा दुसरे माणूस शिरले. तो आईच्या समोर उभा राहिला. त्याला तिच्या तोंडाकडे पाहता येईना.

"मना ठाव नव्हतं, आये," तो म्हणाला. मग, "घरी चल."

जानकीने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. तिने खाली वाकून आपली पाटी उचलली, डोक्यावर ठेवली, आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवरून तरीच्या दिशेने चालू लागली.

"आये," धाकू म्हणाला.

ती चालत राहिली.